सिगारेटवरचा राज्य कर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत कुठल्या ना कुठल्या राज्यात सिगारेटवरचा कर वाढतो आणि तेच वाद नव्याने पेटतात. तिथे स्थायिक झालेले मराठी लोक मतदार म्हणून प्रश्न विचारतात; इथले लोक विचारतात, आपल्याकडे असं का होत नाही? दोघांसाठी ही उत्तरं. माझी बाजू आधीच सांगतो. हा कर वाढवावा आणि चांगला घसघशीत वाढवावा, असं माझं ठाम मत आहे. पण हा पैसा ज्याच्या खिशातून येतो तो बहुतेकदा गरीब असतो आणि व्यसनात अडकलेला असतो. त्या पैशावर पहिला हक्क त्याच्या सुटकेचा आहे. बहुतेक राज्यं हे विसरतात, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

सिगारेटवर नेमका कोण कोण कर लावतं?

तीन थर आहेत. सगळ्यात वर केंद्र सरकार. वीस सिगारेटच्या पाकिटामागे १ डॉलर १ सेंट हा त्याचा दर १ एप्रिल २००९ पासून लागू झाला. त्याआधी तो ३९ सेंट होता. वाढीव रक्कम कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांच्या आरोग्य विम्यासाठी वापरायची असं ठरलं होतं. तेव्हापासून हा दर तिथेच अडकून पडला आहे.

मधला थर राज्याचा. हे पान मुख्यतः त्याबद्दल आहे. तिसरा थर काही शहरांचा आणि काउंट्यांचा (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग). न्यूयॉर्क शहर पाकिटामागे दीड डॉलर घेतं. शिकागोत शहराचे १.१८ डॉलर आणि कुक काउंटीचे ३ डॉलर असे दोन स्थानिक कर राज्याच्या करावर चढतात.

राज्याचा कर गिऱ्हाइकाला पावतीवर वेगळा दिसत नाही. बहुतेक राज्यांत घाऊक व्यापारी राज्याकडून स्टॅम्प विकत घेतो, पाकिटाच्या बुडाशी चिकटवतो आणि ती रक्कम किमतीत धरून माल पुढे पाठवतो. त्यामुळे कर वाढला की दुकानातल्या फळीवर लिहिलेली किंमतच वाढते. पाकीट उचलायचं की नाही हे ठरवताना माणूस तीच किंमत बघतो, म्हणून हा कर वागणूक बदलू शकतो.

राज्याराज्यांत एवढी तफावत कशी?

मिझुरीत पाकिटामागे १७ सेंट, तेही १९९३ पासून. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ५.३५ डॉलर. मेरीलँडने जुलै २०२४ मध्ये ५ डॉलर केले. इंडियानाने जुलै २०२५ मध्ये एका झटक्यात दोन डॉलर वाढवले. आधी तिथे एक डॉलरही पुरता नव्हता.

यामागे तंबाखूची शेती आहे, कारखाने आहेत आणि राजकारण आहे. सिगारेटवर कर लावणारं पहिलं राज्य आयोवा, १९२१ साली. शेवटचं नॉर्थ कॅरोलिना, थेट १९६९ मध्ये. तंबाखूवर ज्या राज्याची अर्थव्यवस्था उभी राहिली त्याने अठ्ठेचाळीस वर्षं वाट पाहिली, आणि आजही तिथला दर ४५ सेंटच आहे. व्हर्जिनियात २०२० पर्यंत ३० सेंट होते, आता ६० आहेत. मिझुरीची गोष्ट वेगळी: तिथे मोठी करवाढ मतदारांपुढे न्यावी लागते, आणि २००२, २००६, २०१२, २०१६ अशी चार वेळा मतदारांनी ती फेटाळली.

किंमत वाढली म्हणून व्यसन सुटतं का हो? ज्याला हवी तो कितीही पैसे देतोच की.

काही जण देतात. सगळे देत नाहीत, आणि फरक त्या 'सगळे नाही'मध्येच आहे. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांतल्या अनेक दशकांच्या अभ्यासांचं सार असं आहे की किंमत १० टक्क्यांनी वाढली तर एकूण खप सुमारे ४ टक्क्यांनी घटतो. आपल्यासारख्या देशांत ही घट थोडी जास्त, ५ टक्क्यांच्या आसपास धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये जगभरचे पुरावे तपासले. कर वाढवल्याने तंबाखूचा वापर कमी होतो याला पुरेसा पुरावा आहे, असा स्पष्ट निष्कर्ष तिने काढला.

ही घट दोन वाटांनी येते. काही जण पूर्ण सोडतात, काही जण कमी ओढतात. यातली पहिली वाट खरी मोलाची. महागाईमुळे दिवसाला वीसऐवजी बारा ओढणारा माणूस पुष्कळदा प्रत्येक सिगारेट जास्त खोलवर आणि शेवटच्या टोकापर्यंत ओढतो. संशोधनात हे दिसलं आहे. त्यामुळे आकडा जितका उतरतो तितका धोका उतरत नाही. पूर्ण सोडणाऱ्याची गोष्टच निराळी. आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी किमान दहा वर्षं गमावतो. चाळिशीच्या आत सोडली तर त्यातला सुमारे ९० टक्के धोका टळतो. अमेरिकेत धूम्रपानामुळे वर्षाला सुमारे ४ लाख ८० हजार माणसं मरतात, त्यांत ४१ हजार स्वतः न ओढणारी, दुसऱ्याच्या धुराने गेलेली.

फायदा कधी दिसतो, हेही विचारलं जातं. हृदयाचा धोका सोडल्यानंतर वर्षभरातच बराच खाली येऊ लागतो. फुप्फुसाच्या कर्करोगाला दशकं लागतात. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत परिणाम काही महिन्यांत मोजता येतो. ज्या राज्यांनी कर वाढवला तिथे गरोदरपणी सिगारेट ओढणं कमी झालं आणि जन्मलेल्या बाळांचं वजन वाढलं, असं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. बाळाला मत नसतं, खिसाही नसतो. या कराचा मला दिसणारा सगळ्यात निर्मळ परिणाम हाच.

तरुण मुलांवर परिणाम जास्त होतो हे खरं का?

खरं आहे. रोज सिगारेट ओढणाऱ्या दहांपैकी जवळपास नऊ जणांनी पहिली सिगारेट अठरा वर्षांच्या आत ओढलेली असते. त्या वयात खिशात पैसे मोजके असतात आणि व्यसन अजून पक्कं झालेलं नसतं. किंमत वाढली की मोठ्यांपेक्षा मुलं जास्त प्रमाणात मागे फिरतात.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलच्या ३६.४ टक्के मुलामुलींनी गेल्या तीस दिवसांत सिगारेट ओढल्याचं सांगितलं होतं. २०२१ मध्ये हे प्रमाण ३.८ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय कराला देणं अप्रामाणिकपणाचं होईल. याच काळात हॉटेलं-कचेऱ्यांत धूम्रपानबंदी आली, डिसेंबर २०१९ मध्ये खरेदीचं किमान वय २१ झालं, आणि बरीच मुलं वेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे वळली. पण या सगळ्यांत कराचं काम सगळ्यात आधी सुरू झालं होतं.

विक्री कमी झाली तर राज्याचा महसूल कसा वाढतो?

हा हिशेब कागदावर करून बघा. समजा पाकीट ८ डॉलरला आहे, त्यात राज्याचा कर २ डॉलर. राज्याने आणखी एक डॉलर लावला. किंमत झाली ९, म्हणजे साडेबारा टक्के वाढ. वरच्या प्रमाणाने खप सुमारे ५ टक्के घटेल. आधी १०० पाकिटांवर २०० डॉलर यायचे, आता ९५ पाकिटांवर २८५ येतात. सीमेपलीकडून आणणारे आणि चोरटा माल घेणारे धरून विक्री २० टक्के पडली तरी ८० पाकिटांचे २४० डॉलर होतातच.

मूळ कर जितका कमी, तितकी ही गंमत मोठी. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये ८७ सेंटवरून २.८७ डॉलरवर उडी मारली. तिथे महसूल जुन्या पातळीच्या खाली जायला विक्री ७० टक्के पडावी लागली असती. तसं काही झालं नाही, उत्पन्न दुपटीहून जास्त झालं.

आता उलटं टोक. न्यूयॉर्कने ४.३५ वरून ५.३५ केलं तेव्हा विक्री १९ टक्क्यांनी पडली असती तर वाढीव महसूल शून्यावर आला असता. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात कर २.६० डॉलर आहे, म्हणजे ही शक्यता हवेतली नाही. कर आधीच खूप उंच असेल आणि शेजारी स्वस्त असेल, तर नुसत्या महसुलासाठी कर वाढवण्यात अर्थ उरत नाही. आरोग्यासाठी उरतो.

मग हा पैसा दरवर्षी येत राहतो?

नाही, आणि हे अर्थसंकल्प मांडणाऱ्यांनी जनतेला पहिल्या दिवशी सांगायला हवं. वाढीनंतर उत्पन्न उसळी घेतं आणि मग वर्षागणिक थोडं थोडं ओसरतं, कारण ओढणारेच कमी होत जातात. १९६५ मध्ये अमेरिकेतले ४२ टक्के प्रौढ सिगारेट ओढत होते. २०२२ मध्ये साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. शिवाय हा कर पाकिटामागे ठरावीक सेंटांत असल्याने महागाई तो आतून पोखरते. टेक्सासचा १.४१ डॉलर हा दर २००७ पासून तसाच आहे. पगार वाढले, बाकी सगळं महागलं, आणि सिगारेट कुणी न बदलता तुलनेने स्वस्त होत गेली.

याचा सगळ्यात बोलका दाखला कॅलिफोर्नियातच सापडतो. १९९८ मध्ये तिथल्या मतदारांनी पाकिटामागे ५० सेंट वाढवून तो पैसा पाच वर्षांखालच्या मुलांच्या आरोग्यासाठी आणि बालशिक्षणासाठी राखून ठेवला. हेतू सुंदर होता. पण सिगारेटचा खप घटत गेला तसा बालवाडीचा निधीही आटत गेला. लहान मुलांची गरज दरवर्षी तीच राहते आणि तिच्यासाठीचं उत्पन्न मात्र आटावं अशीच सगळ्यांची इच्छा असते. असली गाठ मारूच नये. २०१७ ची दोन डॉलरची वाढ ज्यातून आली त्या २०१६ च्या कायद्यात तर अशी तरतूद करावी लागली की नव्या करामुळे जुन्या निधींना बसणारा खड्डा नव्या पैशातून भरायचा.

कॅलिफोर्नियात नेमकं काय घडलं? सगळे तिचंच उदाहरण का देतात?

कारण तिथे हा प्रयोग सगळ्यात लांब चालला आणि त्याचे उतारचढावही मोजले गेले.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मतदारांनी प्रस्ताव ९९ मंजूर केला. १ जानेवारी १९८९ पासून कर १० सेंटवरून ३५ सेंट झाला. आज पंचवीस सेंट किरकोळ वाटतात. खरी नवी गोष्ट पुढे होती: या पैशातला २० टक्के वाटा आरोग्य शिक्षणाला आणि ५ टक्के संशोधनाला द्यायचा, हे कायद्यातच लिहून टाकलं. बाकीचा रुग्णालयं, डॉक्टर, पर्यावरण वगैरे. १९९० मध्ये त्या वीस टक्क्यांतून टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या. सिगारेट वाईट असते एवढंच त्या सांगत नव्हत्या. कंपन्या नवीन गिऱ्हाईक कसं गाठतात हे त्या उघडं पाडत होत्या. १९९२ मध्ये राज्यभरासाठी सिगारेट सोडायला मदत करणारी फोनसेवा सुरू झाली. पुढे अशी सेवा प्रत्येक राज्यात आली.

मग त्याच सुमाराला राज्याची तिजोरी आटली आणि सरकारने या निधीकडे हात वळवला. जाहिराती थांबवल्या, मोहिमेचा पैसा कापला. प्रकरण न्यायालयात गेलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही सगळी वर्षं तपासली. १९८९ ते १९९७ या काळात हृदयविकाराचे सुमारे ३३,३०० मृत्यू टळले असा त्याचा अंदाज आहे. आणि मोहिमेला कात्री लागली नसती तर आणखी सुमारे ८,३०० मृत्यू टळले असते, असंही त्यात म्हटलं आहे. कर तोच होता, वसुली सुरूच होती. फक्त पैसा दुसरीकडे वळवला आणि त्याची किंमत माणसांत मोजावी लागली. हे आकडे वाचल्यापासून 'कर वाढवा, पैशाचं नंतर बघू' असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पैशांच्या भाषेतही उत्तर आहे. १९८९ ते २००८ या काळात राज्याने या मोहिमेवर सुमारे २.४ अब्ज डॉलर खर्च केले आणि आरोग्यखर्चात सुमारे १३४ अब्ज डॉलर वाचले, असा हिशेब २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढची वाट सरळ नव्हती. जून २०१२ मध्ये एक डॉलर वाढीचा प्रस्ताव मतदानात अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने पडला; तंबाखू कंपन्यांनी विरोधात कोट्यवधी डॉलर ओतले होते. चार वर्षांनी प्रस्ताव ५६ आला, दोन डॉलर वाढीचा. कंपन्यांनी तेव्हाही पैसा कमी केला नाही, उलट वाढवला. पण ६४ टक्के मतदारांनी होकार दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून नवा दर लागू झाला. या वेळी पैशाचा मोठा भाग गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यात डॉक्टरांचा मोबदला वाढवण्याकडे गेला. काम चांगलंच आहे. तरी वीस टक्क्यांची जुनी शिस्त मला जास्त भावते.

बाकीच्या राज्यांत पैसा जातो कुठे?

बहुतांशी सर्वसाधारण तिजोरीत: रस्ते, पगार, तूट. कराखेरीज आणखी एक मोठा ओघ आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये ४६ राज्यांनी बड्या सिगारेट कंपन्यांशी तडजोड केली, पहिल्या पंचवीस वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर मिळतील असा तेव्हा अंदाज होता. उरलेल्या चार राज्यांनी आधीच स्वतंत्र समझोते केले होते. कर आणि तडजोडीचे हप्ते मिळून राज्यांच्या हाती जे येतं, त्यातला व्यसन रोखण्यावर आणि सोडवण्यावर होणारा खर्च शंभरात तीन डॉलरसुद्धा नाही. काही राज्यांनी तर पुढच्या अनेक वर्षांचे हप्ते गहाण टाकून रोखे काढले आणि पैसे आधीच उचलून खर्च केले. रोखे फेडायचे तर हप्ते येत राहायला हवेत आणि हप्ते विक्रीवर ठरतात. म्हणजे सिगारेट खपत राहण्यात सरकारचाच स्वार्थ तयार झाला.

हा कर गरिबांवर अन्याय नाही का?

या पानावरचा सगळ्यात कठीण प्रश्न हाच, आणि तो झटकून टाकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

अमेरिकेत आज सिगारेट हे मुख्यतः कमी शिकलेल्या, कमी कमावणाऱ्या माणसाचं व्यसन आहे. न्यूयॉर्क राज्यात २०१०–११ च्या सुमाराचा एक अभ्यास सांगतो की ३० हजार डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या धूम्रपान करणाऱ्यांचे उत्पन्नातले सरासरी २३.६ टक्के सिगारेटवर जात होते. जवळजवळ चौथा हिस्सा. भाडं, किराणा, मुलांचे कपडे हे सगळं उरलेल्यातून.

कराच्या बाजूचे लोक म्हणतात की किंमत वाढली की गरीब माणूस श्रीमंतापेक्षा जास्त प्रमाणात सोडतो, म्हणून आरोग्याचा फायदा गरिबालाच जास्त मिळतो. हे खरं आहे. पण जो सोडू शकत नाही, त्याच्यासाठी हे वाक्य पोकळ आहे. तो दरवर्षी जास्त पैसे देतो आणि आजारही त्याच्याच वाट्याला येतो. त्याला मोफत समुपदेशन, निकोटिनचे पॅच, औषधं आणि आठवण ठेवून फोन करणारा माणूस मिळत असेल तर हा कर मला न्याय्य वाटतो. मिळत नसेल तर सरकार त्याच्या व्यसनावर फक्त कमाई करतं आहे.

तस्करी वाढते, त्याचं काय?

वाढते. नाकारण्यात अर्थ नाही.

व्हर्जिनियात राज्य कर ६० सेंट. न्यूयॉर्क शहरात राज्य आणि शहर मिळून ६.८५ डॉलर. एका पाकिटामागे सव्वासहा डॉलरची तफावत. एका कार्टनमध्ये दहा पाकिटं. शंभर कार्टन गाडीच्या डिकीत आणि मागच्या सीटवर मावतात, आणि त्यांतली तफावत ६,२५० डॉलर होते. एका दिवसाच्या ड्रायव्हिंगमध्ये. त्यात नॉर्थ कॅरोलिना, साउथ कॅरोलिना आणि नॉर्थ डकोटा ही राज्यं पाकिटावर कराचा स्टॅम्पच लावत नाहीत, त्यामुळे तिथून निघालेल्या मालाचा माग काढणं अवघड जातं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१५ च्या अहवालात बेकायदा बाजाराचा वाटा देशभरात ८.५ ते २१ टक्के आणि राज्य-स्थानिक महसुलाचं नुकसान वर्षाला २.९५ ते ६.९२ अब्ज डॉलर असं मांडलं आहे. ही दरी किती रुंद आहे बघा. चोरीचा हिशेब कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून कुठल्याही एका आकड्यावर हात मारून बोलणाऱ्याकडे, मग तो कुठल्याही बाजूचा असो, जरा सावधपणे पाहावं.

उपाय आहेत आणि ते चालतात. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये सांकेतिक माहिती असलेला, यंत्राने तपासता येणारा स्टॅम्प आणला. २००६ मध्ये केंद्राने तस्करीचा गुन्हा ठरण्याची मर्यादा ६०,००० सिगारेटवरून १०,००० वर आणली. २०१० च्या कायद्याने टपालाने सिगारेट पाठवणं जवळपास बंद केलं. सगळ्यात सोपा उपाय मात्र राजकारणात सगळ्यात अवघड: शेजारच्या राज्यांनी दर जवळ आणावेत, किंवा केंद्राने आपला कर वाढवावा. केंद्राचा कर पन्नासही राज्यांत सारखा असतो, तिथे सीमा ओलांडून काही वाचत नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जुलै २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर एरिक गार्नर या कृष्णवर्णीय माणसाला सुट्या सिगारेट विकल्याच्या संशयावरून पोलिसांनी पकडलं, त्याची मान आवळली गेली आणि तो मेला. कर चुकवून विकलेल्या सिगारेटींसाठी रस्त्यावरच्या गरिबाच्या मागे लागायचं नसतं. कारवाई घाऊक साठ्यावर, गोदामावर, परवान्यावर व्हावी.

तस्करी असली तरी कर वाढवल्याने खप घटतोच?

होय. ओढणाऱ्यांपैकी बहुतेक जण नाक्यावरच्या दुकानातूनच पाकीट घेतात. सीमेपलीकडून येणारा माल परिणाम थोडा कमी करतो, पुसून टाकत नाही.

कंपन्या गप्प बसतात का?

नाही. त्या दुकानदाराला पैसे देऊन किंमत खाली ठेवतात, कूपन वाटतात, 'दोन घ्या, स्वस्तात घ्या' अशा योजना काढतात. एक डॉलर करवाढीचा झटका मग ओढणाऱ्यापर्यंत पुरता पोचतच नाही, विशेषतः सगळ्यात स्वस्त ब्रँडच्या बाबतीत. न्यूयॉर्क शहराने याला उत्तर म्हणून पाकिटाची किमान किंमत ठरवली: आधी १०.५० डॉलर, २०१८ पासून १३ डॉलर. कूपनांवरही बंदी घातली. कर वाढवणाऱ्या प्रत्येक राज्याने हे सोबतच करावं.

थोडा थोडा वाढवावा की एकदम?

एकदम. दहा-पंधरा सेंट कंपन्या सवलतीत गिळून टाकतात आणि ओढणाऱ्याला जाणवतही नाही. एक-दीड डॉलरची वाढ मात्र 'आता सोडूच' असं म्हणायला निमित्त देते. त्यानंतर महागाईनुसार दर आपोआप वाढण्याची सोय कायद्यात असावी.

ओढणारे लवकर मरतात, मग सरकारचं पेन्शन वाचतंच ना?

हा युक्तिवाद खरोखर केला गेला आहे. २००१ मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने चेक प्रजासत्ताकासाठी करून घेतलेल्या अहवालात लोकांच्या अकाली मरणाने सरकारचे पैसे वाचतात असं मांडलं होतं. जगभरातून संताप उसळला आणि कंपनीला माफी मागावी लागली. हिशेबाच्या पातळीवरही तो कच्चा होता: आजारपणात बुडालेलं काम, घरच्यांची झीज, कमावत्या वयात गेलेला माणूस यांना त्यात जागा नव्हती. आणि ज्या सरकारला नागरिकाचं मरण बचतीच्या रकान्यात लिहावंसं वाटतं, त्याच्याशी मला आकड्यांवर वाद घालायचा नाही.

वेपवरही तेवढाच कर लावावा का?

मुलांच्या हाती वेप लागू नये म्हणून काही कर हवा. पण सिगारेटइतका नको. मिनेसोटात वेपवर जबर कर बसल्यावर सिगारेट सोडणाऱ्या प्रौढांचं प्रमाण घटल्याचं एका अभ्यासात दिसलं. जास्त घातक वस्तू जास्त महाग, एवढं सूत्र पाळलं तरी पुष्कळ.

महाराष्ट्र सरकार असा कर लावू शकेल का?

एकट्याने नाही. २०१७ पूर्वी तंबाखूवर राज्याचा व्हॅट होता आणि त्याचा दर राज्य ठरवत असे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, दर जीएसटी परिषद ठरवू लागली. तंबाखूवर जीएसटीच्या वर उत्पादन शुल्क लावायचा अधिकार उरला तो केंद्राला. दारूवरचा कर राज्यांकडेच राहिला, तंबाखूचा गेला. महाराष्ट्र जीएसटी परिषदेत आपलं म्हणणं मांडू शकतो, मत देऊ शकतो. कॅलिफोर्नियासारखं मतदान घेऊन दर ठरवू शकत नाही.

आपलं दुखणंही वेगळं आहे. २०१६–१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, पण विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. २४.४ टक्के लोक बिनधुराचा तंबाखू घेणारे: चुन्यात मळून, मशेरी म्हणून, पुडीतून. नुसत्या सिगारेटवरच्या कराने महाराष्ट्राच्या तोंडाचा कर्करोग आटोक्यात येणार नाही. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, पण चोरून तो मिळतोच आणि त्यातून करही येत नाही.

विडीचा मुद्दा नाजूक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटसारख्या तंबाखूच्या वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा दर ठरवला आणि विडीचा मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. कारण दिलं जातं विडी कामगारांचं. सोलापूर, सिन्नर, गोंदिया, भंडारा इथल्या हजारो बायकांचं पोट विडी वळण्यावर आहे हे खरं. पण विडी कमी घातक नाही, आणि ती ओढणारा शेतमजूर किंवा हमाल सिगारेटवाल्यापेक्षा गरीबच असतो. विडीवर कर वाढवावा आणि त्या पैशातून या बायकांना दुसरं काम द्यावं, असं माझं मत आहे. स्वस्त विडी हे त्यांच्यावरचे उपकार नव्हेत. मजुरी तशीही त्यांना तुटपुंजीच मिळते.

राज्याच्या हातात असलेली एक गोष्ट महाराष्ट्राने केली: सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि विडी विकायला मनाई. ती नीट पाळली गेली तर मुलांना पूर्ण पाकिटाचे पैसे मोजावे लागतील, म्हणजे कर न वाढवताही कराचा परिणाम. आज कुठल्याही पानटपरीवर उभे राहा, सुटी सिगारेट मिळते.

कर वाढला, आता सोडायची आहे. मदत कुठे मिळेल?

अमेरिकेत १-८००-७८४-८६६९ हा मोफत क्रमांक लावा. तो तुमच्या राज्याच्या सेवेला जोडून देतो. बऱ्याच राज्यांत पॅच किंवा च्युइंग गम मोफत मिळतं, ते मागून घ्या, संकोच करू नका. त्याचे पैसे तुम्हीच भरले आहेत. भारतात राष्ट्रीय सेवेचा क्रमांक १८००-११२-३५६ आहे, तोही मोफत. मुंबईच्या टाटा मेमोरियलचा या सेवेत सहभाग आहे. पहिल्याच प्रयत्नात सुटली नाही तर पुन्हा फोन करा. बहुतेकांची अनेक प्रयत्नांनंतरच सुटते.